सुईवाल्या बाईचा कॅमेरा

आमच्या शेजारच्या अंजनाबद्दल कालव्याच्या दोन्ही अंगांना एक गोष्ट पसरलेली आहे. ती अशी, की वीस वर्षांपूर्वी तिनं चार वाड्यांतल्या माणसांचं रक्त बाटल्यांत भरून परदेशात विकलं आणि त्या पैशातून आता कॅमेरा घेतला. ही गोष्ट साफ खोटी आहे. मी खात्रीनं सांगते, कारण ती पहिल्यांदा माझ्याच गिरणीत बोलली गेली आणि बोलणारी मीच होते.

खरं एवढंच, की कॅमेरा तिच्या मुलीचा, हर्षालीचा. ती पुण्यात लग्नांचे फोटो काढते. तिनं नवा घेतला आणि जुना आईकडे आणून टाकला, जशी आपण जुनी कुकरची शिट्टी आईकडे टाकतो तसा. रक्त घेतलं हे मात्र खरं. ते पुण्याच्या एका संस्थेच्या मधुमेहाच्या अभ्यासासाठी, तेही एका वेळी चमचाभर. माझंसुद्धा घेतलंय. आता माझ्या रक्ताला परदेशात कोण विचारणार? इथं घरात माझा नवरा सावळाराम विचारत नाही.

माझी पिठाची गिरणी आहे, नारायणगावाकडून पारगावला जाणाऱ्या रस्त्याला. विकतचं पीठ खाणाऱ्यांना गिरणी म्हणजे काय ते कळायचं नाही. दळण टाकलेलं माणूस वीस मिनिटं मोकळं असतं, आणि पट्ट्याच्या आवाजात हळू बोलता येत नाही. त्यामुळं गुपितं माझ्याकडं ओरडूनच येतात. शिवाय दळण स्वतः बोलतं ते वेगळं. घरातला गहू बंद होऊन नुसती ज्वारी यायला लागली, की समजायचं तिथं कुणाची तरी शुगर निघाली. ज्वारीत मूठभर मेथ्या दिसल्या, की गोळी सुरू झाली. डॉक्टरच्या आधी मला कळतं असं मी म्हणत नाही. भावकीच्या आधी मात्र नक्की कळतं.

तेव्हा अंजना बत्तीस-तेहतीसची असेल. लॅबचा कोर्स केलेली वाडीतली पहिली सून. लुनाच्या मागं बर्फाची पेटी बांधून उजाडायच्या आत निघायची. पोरं कुल्फीवाली समजून पळत मागं जायची आणि पेटी उघडली की रडत परत यायची. सुईवाली हे नाव तेव्हा पडलं, ते अजून आहे. ती नुसतं रक्त घेत नव्हती, फॉर्म भरायची. तुमच्या आईला तुम्ही कितवे, शेतात किती तास, पाणी किती पिता. माझ्या नवऱ्याला तिनं विचारलं, "भावजी, जन्मला तवा वजन किती व्हतं?"

सावळाराम म्हणाला, "मी व्हतो तिथं, पण काट्याकडं ध्यान न्हाई गेलं."

उपाशी पोटी या म्हणून सांगितलं, तर अर्धी वाडी साबुदाण्याची खिचडी खाऊन हजर. ती डोक्याला हात लावून बसली होती ते मला अजून दिसतं. आठ वर्षं हे चाललं. मग अभ्यास संपला, संस्थेनं पेटी परत नेली, आणि अंजना द्राक्षाच्या बागेत नवऱ्याच्या हाताखाली डिपिंग करायला, म्हणजे घड औषधात बुडवायला लागली. अमृत, तिचा नवरा, इतका कमी बोलतो की त्याच्या घरात काय चाललंय हे त्याच्याकडून कळायची सोय नाही. मला स्वतःच जावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी कॅमेरा आला आणि बाई पुन्हा फिरायला लागली. लुनाच्या जागी स्कूटी, पेटीच्या जागी तीन पायांचं स्टँड. ओझरला चतुर्थीला भजन म्हणणारे, नारायणगावच्या यात्रेतला सनईवाला हौशीराम, हलगीवाले, लेझीमवाले. कुठंही वाजायला लागलं की ही हजर. स्टँड लावायची, मागं उभी राहायची, आणि वाजवणारा दमेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. पैसे घेत नव्हती, देत नव्हती, आणि मोबाईलवर टाकत पण नव्हती. आता मला सांगा, फुकट कुणी कुणासाठी तीन-तीन तास उभं राहतं का? मी तर नवऱ्याच्या लग्नातसुद्धा राहिले नव्हते, आणि ते लग्न माझंच होतं.

माझा संशय पक्का झाला तो तिची वही पाहून. दळण घ्यायला आली तेव्हा पिशवीतून डोकावत होती, मी जरा बाहेर काढली. आत रकाने आखलेले. नाव, वय, गाव, कोणाकडून शिकला, किती वर्षं वाजवतो. आणि पहिला रकाना नंबराचा. हौशीराम सनईवाल्याला नऊ नंबर. तेच अक्षर, तेच रकाने. वीस वर्षांपूर्वी मी एकशे बारा होते, तशीच. वर प्रत्येकाची सही किंवा अंगठा. वाजवायला कशाला सही लागते? सनई काय सातबारा आहे?

मी ठरवलं, कॅमेरा हे नुसतं दाखवायला आहे. आत जुनंच काम चालू आहे. रक्त विकून कॅमेरा घेतला हे मी गिरणीत बोलले ते तेव्हाच.

तेवढ्यात एक दिवस गिरणीत ती मला विचारते, "वहिनी, गजराबाई आजकाल दळण काय आणती?"

झालं. मी मनात म्हटलं, सापडलीस.

गजराबाई म्हणजे कालव्यापलीकडच्या धनगरवस्तीतल्या बिरदेवाची बायको. एके काळी त्यांची दोनशे मेंढरं होती, दसरा झाला की खाली कोकणात उतरायची. आता वीस-पंचवीस उरली, बाकी कांदा करतात. बिरदेव सत्तरीचा. बिरोबाची ओवी, म्हणजे त्यांच्या देवाची गाऊन सांगायची कथा, अख्खी पाठ असलेला वस्तीत तो एकटा राहिला होता. ती म्हणायला पाच तास लागतात. बाकीच्यांना तुकडे येतात, पण कोणता तुकडा कोणत्या मागं हे बिरदेवालाच ठाऊक. त्याचे दात पडत चालले होते, आणि पडलेल्या दाताबरोबर शब्द फुसकन् बाहेर जायचे. अंजनाला ती ओवी एकसलग हवी होती, दात आहेत तोवर. तीनदा त्याच्या दारात जाऊन आली होती. तो हो म्हणत नव्हता, नाही पण म्हणत नव्हता.

गजराबाईचं दळण काय होतं ते मला माहीत होतं. ज्वारीत मेथ्या, दोन वर्षांपासून. पण मी अंजनाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गजराबाई आली तेव्हा तिला मात्र सांगितलं, आणि जरा मीठमसाला लावून. "रक्त झालं, आता गळा न्यायला आलीया बाई. तुमच्या म्हाताऱ्याचं दळण काय म्हून इचारत व्हती."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. अर्धं दळलेलं पीठ तसंच पिशवीत भरून निघून गेली.

संध्याकाळी बिरदेवानं अंजनाला अंगणातूनच परत लावलं. काय म्हणाला ते गेणभाऊनं मला येऊन सांगितलं, ढोल वाजवून सांगावं तसं. गेणभाऊ म्हणजे बिरदेवाचा चुलतभाऊ, त्यांच्या मेळ्यातला ढोलवाला. बिरदेव म्हणाला होता, "मागं अंगठा दिला तवा रक्त गेलं. त्याच्या मागनं माझा भाऊ गेला. आता अंगठा दिला तर गळा जाईल. जा बाई, आमी नाय देत काय."

भाऊ म्हणजे जानकू. जानकूचं नाव ऐकून मला आधी काही वाटलं नाही. जानकू तर देवानं नेलेला माणूस. सगळ्या वस्तीला अभिमान होता त्याच्या मरणाचा. यात्रेत ढोल वाजवता वाजवता देव अंगात आला, घामानं न्हाला, थरथरला, लोकांनी भंडारा लावला, चांगभलं केलं, आणि तो ढोलावरच आडवा झाला तो उठलाच नाही. असं मरण कुणाला येतं? त्यात अंजनाच्या सुईचा काय संबंध?

मला राहवेना. विरजण मागायला म्हणून मी तिच्या घरी गेले.

ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर बिरदेव, गेल्या वर्षीच्या यात्रेतला, लांबून घेतलेला. ती पेन्सिलीनं कागदावर रेघा मारत होती. तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा की एक रेघ. तो उठून बाभळीमागं जाऊन यायचा की फुली.

"काय मोजतीस गं?" मी मागून म्हटलं.

ती दचकली नाही. मी न सांगता मागं उभी असते याची तिला सवय आहे. "एका तासात सात वेळा पाणी पेला, वहिनी. तीन वेळा उठला. त्याच्या आधल्या वर्षी एकदा बी उठला नव्हता."

"म्हंजी सर्व्हे चालूच हाय तुझा!"

"सर्व्हे कवाच बंद झाला. डोळं बंद झालं नाहीत माझं, त्याला काय करू?"

मग तिनं जे सांगितलं ते मला तेव्हा पटलं नाही, आणि अजून पूर्ण पटलंय असं मी लिहून देणार नाही. पण सांगते.

जानकूचं रक्त तिनंच घेतलं होतं. आकडा फार वर होता. नियम असा होता, की फिरणाऱ्या बाईनं नुसतं रक्त आणायचं, सांगायचं काही नाही. सांगणार ते संस्थेचं पत्र. पत्र वेळेवर आलं. पण दसरा होऊन गेला होता आणि जानकू मेंढरांमागं कोकणात. पत्र वस्तीत कुणाच्या तरी वळचणीला सहा महिने अडकून राहिलं. तो आला तेव्हा पायाला जखम होती. मग तालुक्याला जाऊन गोळ्या आणल्या, आणि पुढच्याच वर्षी यात्रेत त्याला देवानं नेलं.

"तू काय म्हन्तीस मग?" मी विचारलं. "देवानं नाय नेलं?"

"मी तिथं नव्हते, वहिनी. मी कसं सांगू? यात्रेचा दिवस म्हंजी त्याचा कडक उपास. गोळी मात्र घेतली असंल. पोटात अन्न नसताना गोळी घेतली की साखर एकदम खाली जाती. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भलतंच बोलतो." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "बघणाऱ्याला ते कसं दिसत असंल?"

विरजणाचं रिकामं भांडं मी खाली ठेवलं. 

"हे बिरदेवाला बोललीस?"

"त्याच्या भावाचं मरण मी त्याच्याकडनं काढून घेऊ व्हय?" पडद्यावरचा बिरदेव तिनं बंद केला. "जानकूचा आकडा मला आजबी पाठ हाय. त्याचा ढोल मात्र मी कधी ऐकलाच नाय. त्याच्याच दारात बसून फॉर्म भरत व्हते, तो आत वाजवत व्हता, आन् मी ओरडून म्हटलं, जरा बंद करा, काय ऐकू येत नाय."

विरजण न घेताच मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी गजराबाईकडं गेले. थुंकलेलं चाटायची मला सवय नाही, म्हणून मी एवढंच म्हटलं, की कॅमेरा तपासून पाहिला, आत सुई नाही. बाकी काम गजराबाईनंच केलं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्यामागं कोन म्हननार हाय वो? हा गेणभाऊ? त्याला सकाळी सोडलेलं मेंढरू संध्याकाळी वळखू येत न्हाई." गेणभाऊ तिथंच बसला होता. तो बिडी शोधायला लागला.

बिरदेव कबूल झाला, दोन अटींवर. एक, अंगठा देणार नाही. अंजना म्हणाली, "मग कॅमेऱ्यात बघून तोंडानं सांगा, माझी हरकत नाय म्हून." ते त्याला चाललं. दुसरी अट, सुंबरान मांडलं की मध्ये कुणी तोडायचं नाही. सुंबरान म्हणजे ओवीच्या आधी देवाला घातलेली हाक. देवाला बोलावलं की ओवी शेवटापर्यंत न्यायची, देवाला माघारी पोचवायचं, मगच उठायचं. मध्येच थांबलं तर देव वाटेवर अडकून राहतो. अंजनानं मान डोलावली.

माघातला एक रविवार ठरला, आणि वेळ सकाळची. पूर्वी हे रात्रभर चालायचं. पण ऊस अजून उभा होता, त्यात दडलेल्या बिबट्यानं महिन्यात दोन कुत्री नेली होती, आणि रात्री ओवी ऐकायला येणारं माणूस घरी परत पोचेल याची हमी बिरोबासुद्धा देत नव्हता.

मी आठ वाजताच जाऊन बसले. वस्तीतल्या बिरोबाच्या देवळासमोर घोंगडी अंथरलेली. बिरदेव मधे, शेजारी गेणभाऊचा ढोल, मागं झांजवाले आणि साथीला पाच जण. देवापुढं झाकून ठेवलेला नैवेद्य, पुरणपोळी आणि मोठ्या वाटीत गुळवणी, म्हणजे गुळाचं गोड पाणी. शेवटी देवाला दाखवायचा, मग सगळ्यांना वाटायचा.

अंजनानं स्टँड लावलं, आणि कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून गजराबाईकडं गेली. मी कान तिकडंच ठेवला होता.

"मामी, मामांनी काय खाल्लं सकाळी?"

"आज काय खात्यात? सुंबरान हाय. कालच्या दुपारपासनं पाणीच."

"आन् गोळी?"

"गोळी घेतली की! ती कधी चुकवीत न्हाईत." गजराबाई अभिमानानं म्हणाली. "गोळी काय अन्न हाय व्हय उपास मोडायला?"

अंजनाचा चेहरा मी पाहिला. ती बिरदेवाकडं दोन पावलं गेली, थांबली, परत कॅमेऱ्यामागं आली. मला वाटलं, बोलेल. ती बोलली नाही. बोलली असती तर सुईवाली आली परत म्हणून गेणभाऊनं स्टँड उचलून कालव्यात टाकलं असतं, आणि ओवी गेली ती गेली. हे तिला माहीत होतं आणि मला पण. तिनं बटण दाबलं. बिरदेवानं भिंगात बघून, लग्नात उखाणा घ्यायला लावल्यासारखं लाजत, "माजी हरकत न्हाई" म्हटलं, आणि सुंबरान मांडलं.

मी संशयी बाई आहे, देवळातसुद्धा चपलेवर लक्ष ठेवते. पण त्या दिवशी चपला विसरले. एवढ्याशा म्हाताऱ्याच्या अंगातून तो आवाज कुठून येत होता कोण जाणे. मेंढरं डोंगर चढायला लागली, देव लेकरू होऊन रानात रडायला लागला, आणि गेणभाऊसारखा बोलघेवडा माणूस नुसता ढोलाचा हात होऊन बसला. तीन तास झाले, साडेतीन झाले.

मग बिरदेवाचा शब्द अडखळला. एक ओळ त्यानं दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा भलतीच म्हटली. माघाची थंडी, आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मान डुलायला लागली. हात थरथरायला लागले.

"देव आला!" गेणभाऊ ओरडला. "बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

भंडारा उधळला. बाया पाया पडायला पुढं सरल्या. ढोल दुप्पट झाला. मी स्वतः हात जोडले, खोटं कशाला बोलू. गजराबाई रडत होती, आनंदानं. दिराच्या वेळी जे झालं तेच आता नवऱ्याच्या वाट्याला आलं होतं.

आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून अंजना घुसली. कॅमेरा तसाच चालू टाकून. देवापुढचं झाकण तिनं उडवलं, गुळवणीची वाटी उचलली, आणि बिरदेवाच्या मानेखाली हात घालून त्याच्या तोंडाला लावली. "मामा, गिळा. गिळा म्हन्ते ना! आणखी एक घोट."

ढोल थांबला. अख्ख्या देवळासमोर एवढं गप्प झालं, की वाटीवर आपटणारे बिरदेवाचे उरलेले दात ऐकू येत होते. देवाला न दाखवलेला नैवेद्य. सुंबरान मोडलेलं. गेणभाऊनं हात उगारला होता, पण त्या हातात ढोलाची काठी होती, आणि देवाच्या काठीनं बाईला मारावं की नाही हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात पाव तास गेला आणि बिरदेवानं डोळे नीट उघडले. इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "थांबलासा कशापायी?"

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या गिरणीला दुसरा विषय नव्हता. निम्मे म्हणत, बाईनं काहीतरी चारलं. निम्मे म्हणत, देवाला हाकलला. आणि सगळे मिळून म्हणत, की त्या कॅमेऱ्यात देव आलेला दिसतोय आणि ती दाखवत नाही. गेणभाऊ तिच्या दारात तीनदा गेला. त्याला ती पाच मिनिटं मोबाईलवर टाकायला हवी होती. ती नाही म्हणाली. मग तर ती ते कुणाला तरी विकणार हे नक्कीच झालं. या वेळी ती अफवा मी उठवली नव्हती, फक्त पुढं दिली.

एका दुपारी बिरदेव एकटाच कालवा ओलांडून तिच्या घरी जाताना दिसला. मी विरजण परत करायला गेले. विरजण कुणी परत करत नाही, आणि मी तर नेलंच नव्हतं, हे मला वाटेत आठवलं, पण तोवर खिडकीपाशी पोचले होते.

तिनं त्याला ती पाच मिनिटं दाखवली.  तो पुढं वाकून बघत होता. घाम, थरथर, डुलणारी मान, चांगभलं. त्यानं परत लावायला सांगितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून मागं सरकला.

"हा मी न्हाई," तो शेवटी म्हणाला. "हा जानकू हाय."

अंजनानं पडदा बंद केला.

"तुला ठावं व्हतं?"

"न्हाई, मामा. त्या दिवशी मी नव्हते. ठावं असतं तर आले असते वाटी घेऊन."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "हे गेणभाऊला देऊ नगंस." आणि खिडकीकडं न बघता म्हणाला, "ठमाबाई, तुमी बी नगा देऊ."

आता ओवीचं चित्रण झालं की नाही, हे विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते. झालं. पुन्हा पहिल्यापासून, सलग पाच तास दहा मिनिटं. मोडलेलं सुंबरान परत मांडणं भागच होतं, देवाला वाटेवर ठेवून चालत नाही. त्या दिवशी बिरदेव सकाळी भाकरी खाऊन बसला आणि त्याचा उपास गजराबाईनं धरला. गोळीचं डॉक्टरला विचारून आले. मी बघितलंय ते चित्रण, पूर्ण. मध्ये एकदाच उठले, गॅस बंद करायला.

पण ते होण्याआधी गिरणीच्या ओट्यावर बैठक बसली. मेळ्यातली सगळी माणसं, बिरदेव, आणि अंजनाला बोलावलेलं. लाईट गेलेली होती, त्यामुळं गिरणी बंद आणि माणसं पहिल्यांदाच हळू बोलत होती. सुंबरान परत मांडायचं यावर सगळे एक. कॅमेरा बसू द्यायचा की नाही यावर भांडण.

"बिलकूल न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "एकदा या बाईनं देवाचा अपमान केलाय. रक्तावरनं आली, गळ्यावर आली, आन् नैवेद्यावर हात टाकला."

सगळ्यांनी बिरदेवाकडं पाहिलं. त्याच्या जवळ असं उत्तर होतं, की एका वाक्यात गेणभाऊ गार पडला असता. पण त्या उत्तरात जानकूचं मरण गेलं असतं, आणि समोर गजराबाई बसली होती, जानकूची दोन्ही पोरं बसली होती. बिरदेव भिंतीला टेकला. "तिलाच इचार," तो म्हणाला. "तिनं जाब दिला आन् तुला गप बसवलं, तर कॅमेरा बसंल. न्हाई तर न्हाई."

मी अंजनाकडं पाहिलं. तिला हवं असतं तर तिनं कॉम्प्युटर आणून ती पाच मिनिटं सगळ्यांसमोर लावली असती. ती पदर खोचून उभी होती, रक्त घ्यायच्या आधी उभी राहायची तशीच.

गेणभाऊ पुढं सरला. "सांग मग. देवाच्या आधी मानसाच्या तोंडाला नैवेद्य लावलास का न्हाई? त्याचा जाब दे."

अंजना म्हणाली, "गेणभाऊ, देव अंगात आला व्हता असं तुमीच ओरडलात. आला असंल, तर ज्याचा नैवेद्य त्यानंच खाल्ला, मी नुसती वाटी धरली. आन् आला नसंल, तर माणूस उपाशी मरत व्हता आन् तुमी त्याला भंडारा लावत व्हता. दोन्हीतलं कंचं खरं ते ठरवा, मी कॅमेरा लावते, भिंगात बघून सांगा."